नाताळचं संगीत, श्रद्धेविना : लाइपझिग-ड्रेस्डेनचे सहा दिवस

हा प्रवास गुरुवारी सुरू करावा. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत लाइपझिगच्या ज्या टोमास चर्चचं संगीत सांभाळत होता, तिथे आजही आठवड्यातून दोनदा मोटेट, म्हणजे समूहगानाची उपासना होते : शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला. या दोन्ही वेळा पकडायच्या तर गुरुवारी मुक्कामाला पोचलेलं बरं. त्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या अॅडव्हेंटचा आठवडा साधला तर सोन्याहून पिवळं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अॅडव्हेंट, आणि बाखचा ख्रिसमस ओराटोरिओ, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट सांगणारी त्याची मोठी गायन-वाद्यरचना, डिसेंबरात साधारण याच सुमाराला वाजतो. तिकिटं काही महिने आधी संपतात. म्हणून आधी ओराटोरिओची तारीख, मग विमान, मग हॉटेल, या क्रमाने ठरवावं. उलट क्रमाने जाणारे लोक हमखास फसतात.

देव मानत नाही, बाप्तिस्मा-बिप्तिस्मा तर दूरच, मग चर्चमध्ये बसून हे ऐकायचं कसं, असा संकोच बऱ्याच जणांना असतो. तुकोबांच्या अभंगाने गलबलून यायला पंढरीची वारी केलेली असावीच लागते असं नाही, तसंच हे. फक्त दोन गोष्टींची तयारी हवी. शब्द काय आहेत ते माहीत असावं, आणि ज्यांच्या घरी जातोय त्यांचे रिवाज माहीत असावेत.

गुरुवार : चौकातले कर्णे

फ्रँकफुर्टहून वेगवान गाडीने लाइपझिग तीन तासांवर, बर्लिनहून सव्वा तासावर. जुनं शहर गोल रिंगरोडच्या आत मावतं. रिंगच्या आत किंवा काठावर खोली घेतली तर पुढचे चार दिवस ट्राम लागत नाही. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जे बघायचं ते दुपारी, जे ऐकायचं ते अंधारात, अशी विभागणी आपोआप होते.

पहिल्या संध्याकाळी कुठलंही चर्च नको. जुन्या टाउन हॉलसमोरच्या चौकात नाताळचा बाजार भरतो. त्याचा उल्लेख १४५८ पासून सापडतो. काही संध्याकाळी टाउन हॉलच्या सज्जातून ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेटवाले जुन्या चाली वाजवतात. दिवस आणि वेळ बाजाराच्या छापील कार्यक्रमात असते. ऐकायला सज्जाच्या अगदी खाली उभं राहू नये. पितळी वाद्यांचा आवाज त्यांच्या तोंडाच्या दिशेने समोर जातो, खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरून. चौकाच्या पलीकडच्या बाजूला, ठेल्यांच्या गोंगाटापासून जरा दूर सरकलं की चारही पट्ट्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार वेगळ्या उंचीच्या सुरावटी, सुट्या ऐकू येतात.

याच चौकातून एक गोष्ट सुरू झाली, ती पुढच्या सगळ्या दिवसांत उपयोगी पडते. जून १८४० मध्ये लाइपझिगने छपाईकलेची चारशे वर्षं साजरी केली. त्या सोहळ्यासाठी संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनने पुरुषांचा कोरस आणि पितळी वाद्यं यांच्यासाठी एक गीत रचलं. विषय गुटेनबर्ग आणि त्याचा छापखाना. त्यातल्या एका भागाची चाल लोकांना आवडेल, पण तिला धार्मिक शब्द कधीच शोभणार नाहीत, असं मेंडेल्सझोनने स्वतः आपल्या इंग्लंडमधल्या प्रकाशकाला कळवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्ज या इंग्रज संगीतकाराने नेमकी तीच चाल घेतली आणि तिला चार्ल्स वेस्लीचं १७३९ मधलं स्तोत्र जोडलं. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ ते हेच. आज कॉन्व्हेंटात शिकलेल्या निम्म्या मुलांना ते तोंडपाठ असतं. म्हणजे नाताळच्या सर्वांत ‘पवित्र’ चालींपैकी एक मुळात छापखान्याच्या वाढदिवसाची.

रात्री खोलीवर अर्धा तास अभ्यास. ओराटोरिओच्या पहिल्या तीन भागांचे शब्द, मूळ जर्मन आणि शेजारी इंग्रजी भाषांतर, छापून आणलेले असावेत. मोबाइलवर चालणार नाही. अंधाऱ्या चर्चमध्ये उजळलेला पडदा दहा जणांना टोचतो. कथा अगदी लहान आहे : जनगणना, गोठा, मेंढपाळ, देवदूत. गाणारे चार प्रकारचे. टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक बायबलमधली गोष्ट सांगतो, जवळजवळ बोलल्यासारखी, मागे ऑर्गन आणि चेलोची मोजकी साथ. एकटा गायक एखाद्या वाद्यासोबत लांब गातो ती आरिया, म्हणजे गोष्टीवर कुणाच्या तरी मनात उठलेला विचार. मोठा कोरस म्हणजे गर्दी किंवा देवदूत. आणि कोराल म्हणजे सगळ्यांना माहीत असलेल्या साध्या स्तोत्राची चौपदरी मांडणी. आत्ता कोण बोलतंय हे कळलं की तीन तासांचं काम गोंधळ वाटत नाही.

त्यासोबत एकच चाल पाठ करून ठेवावी : ‘फॉम हिमेल होख’. मार्टिन ल्यूथरचं हे मुलांसाठीचं नाताळगीत १५३५ चं. आधी तो एका लोकगीताच्या चालीवर ते म्हणवून घ्यायचा, आजची चाल १५३९ मध्ये छापली गेली. वरच्या षड्जापासून पायरी-पायरीने खाली उतरत शेवटी मूळ षड्जावर विसावणाऱ्या चार ओळी. पाच-सहा वेळा ऐकली की बसते. रविवारी ती तीन वेगवेगळ्या वेषांत भेटणार आहे.

शुक्रवार : मोटेट

सकाळी टोमास चर्चसमोरचं बाख संग्रहालय. ते सोमवारी बंद असतं, म्हणून आजच. दोन तास पुरतात, त्यातला निम्मा वेळ ऐकण्याच्या दालनात द्यावा. मग रस्ता ओलांडून चर्चमध्ये. बाखची कबर वेदीपुढे जमिनीत आहे, कांस्य पाटीखाली. त्याचे अवशेष आधी योहानिस चर्चमध्ये होते. ते चर्च दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं आणि १९५० पासून कबर इथे आहे. दोन ऑर्गन दिसतात : पश्चिमेच्या सज्जात झाउअर या कारागिराने बांधलेला १८८९ चा, आणि उत्तरेच्या बाजूला २००० साली बाखच्या संगीतासाठी मुद्दाम बांधलेला दुसरा. कुठल्या वेळी कोणता वाजतोय हे ओळखायचा प्रयत्न करून बघावा. झाउअर मोठ्या वाद्यवृंदासारखा गडद, धूसर. नवा त्या मानाने लख्ख आणि टोकदार.

मोटेट हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो. एक, वाद्यांच्या स्वतंत्र साथीशिवाय किंवा अगदी थोड्या साथीने गायचं बहुपदरी समूहगान. दुसरा, या संध्याकाळच्या उपासनेचं नाव. तिकीट नसतं, दारात काही युरोंना छापील पत्रिका मिळते, तीच प्रवेशिका. जागा राखीव नाहीत. पाऊण तास आधी पोचावं, अॅडव्हेंटमध्ये तासभर आधी.

कुठे बसायचं, यात खरी मेख आहे. कोरस गातो पश्चिमेच्या सज्जातून, आणि बाक तोंड करून आहेत पूर्वेच्या वेदीकडे. म्हणजे गाणारे तुमच्या पाठीमागे, वर. पहिल्यांदा येणारे वेदीजवळची पुढची जागा धावत जाऊन पकडतात आणि कोरसपासून सर्वांत लांब जाऊन बसतात. बाजूच्या सज्ज्यांखाली आवाज दबतो, तिथेही नको. मधल्या बाकांच्या मधोमध, किंवा त्याहून किंचित मागे, ही जागा चांगली. मान वळवून बघत बसायचं नाही. लोक समोर बघत ऐकतात. गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही याचं सुरुवातीला वाईट वाटतं. दहा मिनिटांनी लक्षात येतं की डोळ्यांना काम नसलं की कान किती जास्त काम करतात. आमच्या मते संगीतसभेतल्या महागड्या खुर्चीपेक्षा ही व्यवस्था सरस आहे.

गाणारे म्हणजे टोमानर : नऊ ते अठरा वयाच्या मुलांचा कोरस, स्थापना १२१२ ची. वरच्या दोन पट्ट्या लहान मुलांच्या, खालच्या दोन आवाज फुटलेल्या मोठ्या मुलांच्या. मुलाचा सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाज, आणि बाईचा सोप्रानो यांत फरक कंपनाचा : मुलाचा स्वर सरळ, जवळपास आंदोलनाशिवाय येतो, त्यामुळे दोन पट्ट्या एकमेकांना घासून जातात तेव्हा ती धार स्पष्ट ऐकू येते. शाळेच्या सुट्टीत आणि दौऱ्यावर असताना टोमानर नसतात, पाहुणे कोरस गातात. पाहुणेही चांगले असतात, पण टोमानरसाठीच यायचं असेल तर चर्चचं वेळापत्रक आधी बघावं.

एकूण तास-सव्वा तास. ऑर्गन, कोरस, बायबलमधला उतारा, पुन्हा कोरस, पाच-दहा मिनिटांचं छोटं प्रवचन, सगळ्यांनी म्हणायचं एक स्तोत्र, प्रार्थना, आशीर्वाद, ऑर्गन. यात श्रद्धा नसलेल्याने काय करावं?

लोक उभे राहतात तेव्हा उभं राहावं. हे मान्यतेचं नव्हे, शिष्टाचाराचं. गुडघे टेकणं, हात जोडणं, ‘आमेन’ म्हणणं यांची कुणी अपेक्षा करत नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी कुणी वळून बघत नाही. स्तोत्र मात्र म्हणावं. पत्रिकेत शब्द असतात, किंवा भिंतीवरच्या फळीवर आकडे असतात आणि ते आकडे जर्मन प्रॉटेस्टंट स्तोत्रपुस्तकातले : १ म्हणजे ‘माख्त होख दी ट्यूर’, ४ म्हणजे ‘नुन कॉम, डेअर हायडन हायलांड’, २४ म्हणजे पाठ केलेलं ‘फॉम हिमेल होख’, ३० म्हणजे गुलाबाच्या कळीचं ‘एस इस्ट आइन रोज’. जर्मन येत नसेल तर नुसत्या ‘आ’कारात चाल धरावी. शेकडो माणसं एकाच चालीत गात असताना मधोमध उभं राहण्याचा अनुभव रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही, आणि तो घ्यायला पाप-पुण्याचा हिशेब लागत नाही.

टाळ्या वाजवायच्या नाहीत. कितीही भारी गायले तरी नाही. ही उपासना आहे, मैफल नाही. दोन रचनांमध्ये जी शांतता उरते, तिच्यात शेवटचा स्वर छताखाली विरताना ऐकू येतो. टाळ्या असत्या तर तो गेला असता.

कपड्यांचं सांगायचं तर, दगडी चर्च डिसेंबरात बेताचंच गरम असतं आणि थंडी पायांतून चढते. जाड तळाचे बूट, लोकरीचे मोजे, आणि अंगावर एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर. खोकला असेल तर गोळी आधीच कागदातून सोडवून खिशात ठेवावी. प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा चुरचुराट पियानिसिमोमध्ये, म्हणजे अगदी हळू गायलेल्या जागी, तोफेसारखा वाजतो. आणि स्वच्छतागृहाचं काम हॉटेलवरच उरकावं.

शनिवार : दोन चर्चमधलं अंतर

सकाळी निकोलाय चर्च. आत शिरताच पांढरे खांब, माथ्यावर दगडी खजुराच्या फांद्या फुटलेले. १९८९ मध्ये सोमवारच्या शांतिप्रार्थना इथून सुरू होत आणि बाहेर पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीविरुद्धचे मोर्चे निघत. त्या गर्दीत चर्चला कधी न जाणारेही भरपूर होते. ऑर्गन लाडेगास्ट या कारागिराचा, १८६२ चा.

इथून टोमास चर्चपर्यंत चालत जावं. रमतगमत दहा मिनिटं. हे अंतर पायांनी मोजलं की ओराटोरिओ कसा जन्मला ते कळतं. बाखच्या काळी ही शहरातली दोन मुख्य चर्चं, आणि संगीत दोन्हीकडे त्यालाच पुरवायचं होतं. २५ डिसेंबर १७३४ ला पहिला भाग सकाळी निकोलायमध्ये झाला आणि दुपारी तोच टोमासमध्ये. २६ ला दुसरा भाग, क्रम उलटा : सकाळी टोमास, दुपारी निकोलाय. २७ ला तिसरा, फक्त निकोलाय. चौथा १ जानेवारीला, पाचवा २ ला, सहावा ६ ला. मुलं, वाद्यं, स्वरलेखनाच्या वह्या आणि नगारे घेऊन थंडीत ही ये-जा. म्हणजे सलग तीन तासांचं काम म्हणून ते लिहिलेलंच नव्हतं. सहा वेगळ्या दिवसांसाठी सहा कांटाटा, म्हणजे गायक, कोरस आणि वाद्यं यांच्या छोट्या रचना, होत्या. आज कुणी सहाही भाग एका बैठकीत वाजवतं तेव्हा शेवटी श्रोते थकतात, त्यात श्रोत्यांचा दोष नाही.

आणखी एक. त्या काळच्या लाइपझिगमध्ये दुसऱ्या ते चौथ्या अॅडव्हेंटपर्यंत चर्चमध्ये कांटाटा बंद असे. तो नाताळपूर्वीचा संयमाचा काळ. आज अॅडव्हेंट म्हणजे रोज संगीत. तेव्हा सलग तीन रविवार साधी स्तोत्रं आणि ऑर्गन. आणि मग २५ तारखेच्या सकाळी, अंधार असताना, अचानक नगारा. पहिल्या भागाची सुरुवात ऐकताना ही तीन आठवड्यांची उपासमार मनात धरावी.

दुपारी तीनची मोटेट शुक्रवारपेक्षा मोठी असते. बहुधा बाखचा एखादा कांटाटा पूर्ण होतो, आणि साथीला गेवांडहाउसचा वाद्यवृंद, जो एरवी शहराच्या सभागृहात महाग तिकिटांवर ऐकावा लागतो. गर्दीही तशीच. दुपारी दोनच्या आत रांगेत. संगीत सुरू होतं तेव्हा खिडक्यांच्या रंगीत काचा दिसत असतात, संपता संपता काळ्या पडतात.

एक सूचना ओराटोरिओच्या आठवड्यासाठी. त्या दिवसांत तालमी आणि प्रयोग यांमुळे मोटेटच्या वेळा बदलू शकतात. आदल्या आठवड्यात एकदा, आणि त्या सकाळी दारावरच्या कागदावर एकदा, असं दोनदा तपासावं.

रविवार : ओराटोरिओ

तिकीट घेताना दोन जर्मन शब्द ओळखता यायला हवेत. ‘ह्योरप्लात्स’ म्हणजे फक्त ऐकायची जागा, दिसणार काही नाही. ‘झिश्टबेहिंडर्ट’ म्हणजे खांबाआड, अर्धवट दिसणारी. दोन्ही स्वस्त. शुक्रवारी पाठमोरं बसून ऐकलेल्याला ह्योरप्लात्समध्ये काही गमावल्यासारखं वाटणार नाही. पैसे वाचवायची हीच जागा. मात्र रोमन आकडे नीट वाचावे. ‘एक ते तीन’ लिहिलं असेल तर अर्धंच काम, साधारण दीड तास. डिसेंबरात बहुतेक हेच असतं. चार ते सहा जानेवारीत येतात. कुठे कुठे एक ते तीन आणि जोडीला सहा असंही वाजतं. टोमास चर्चची तिकिटं संपली असतील तर हिरमुसू नये. निकोलाय चर्चचा स्वतःचा बाख कोरस आहे, आणि सॅक्सनीत या दिवसांत गावोगावच्या चर्चमध्ये हाच ओराटोरिओ होतो. नुसतं ‘नाताळ संगीतसभा’ असं मोघम नाव असलेले, पर्यटकांसाठीचे मिसळीचे कार्यक्रम मात्र टाळावे.

आता काय ऐकायचं.

पहिला भाग, पहिला क्षण : नगारा एकटा. मग बासऱ्या आणि ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), मग व्हायोलिन आणि ट्रम्पेट वरून कोसळत येतात, आणि कोरस शिरतो तो चौपदरी नव्हे, तर सगळे एका स्वरात, नगाऱ्याचीच लय तोंडाने घेऊन. शब्द आहेत ‘याउख्त्सेत, फ्रोलोकेत’, म्हणजे जल्लोष करा. पण ही चाल या शब्दांसाठी झालीच नव्हती. वर्षभर आधी, ८ डिसेंबर १७३३ ला, सॅक्सनीच्या शासकाच्या पत्नीच्या वाढदिवसाला बाखने एक दरबारी कांटाटा वाजवला होता. त्याची पहिली ओळ होती ‘वाजा, नगाऱ्यांनो! निनादा, ट्रम्पेटांनो!’ सुरुवात नगाऱ्याने का आणि कोरस नगाऱ्यासारखा का गातो, याचं उत्तर त्या जुन्या ओळीत आहे. ओराटोरिओच्या हस्तलिखितात बाखच्या हातून सवयीने आधी जुनेच शब्द लिहिले गेले आणि मग ते खोडले गेले.

असं एकदाच नाही. पहिल्या भागात आल्टोची, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या आवाजाची, ‘बेराइटे दिश, त्सियोन’ ही आरिया येते : सजून तयार हो, तुझा प्रियकर येतोय. हेच स्वर ५ सप्टेंबर १७३३ ला राजपुत्राच्या वाढदिवशी वाजलेल्या दुसऱ्या एका कांटाट्यात हर्क्युलिसच्या तोंडी होते आणि तिथे तो विलासदेवतेला धुडकावत होता : मला तुझं ऐकायचंच नाही. तिथे व्हायोलिन तुटक, फटकारे मारल्यासारखे. इथे बाखने त्यांच्या जोडीला ओबो द’आमोरे हा मऊ आवाजाचा ओबो दिला आणि तीच रेषा लडिवाळ झाली. दुसऱ्या भागातली अंगाई तर त्याहून मजेची. ‘श्लाफे, माइन लीप्स्टर’ आज गोठ्यातल्या बाळासाठी गायली जाते. मूळ कांटाट्यात विलासदेवता ती हर्क्युलिसला मोहात पाडायला गाते. बाखने स्वरपट्टी उतरवली, सोप्रानोची आल्टोला दिली. बाकी झोप तीच. ही आरिया नऊ-दहा मिनिटं चालते आणि इथे खरोखर डुलकी लागते. लागली तर ती दादच समजावी.

कुणी म्हणेल, मग हे धार्मिक संगीत खोटं? अजिबात नाही. राजाचा वाढदिवस वर्षातून एकदा येऊन जातो आणि ते संगीत फडताळात पडतं. चर्चमध्ये ते दर नाताळला वाजू शकतं. बाख काटकसरी कारागीर होता, आणि चांगला माल वाया घालवायचा नाही हा त्याचा हिशेब. आनंद, आर्जव, झोप यांचे स्वर त्याच्याकडे एकच होते. कुणासाठी, ते शब्द ठरवत. श्रद्धा नसलेल्या श्रोत्याला आत शिरायला हा दरवाजा पुरेसा रुंद आहे. पण शब्द गाळून नुसते स्वर ऐकायचा हट्टही धरू नये. टेनरने ‘आणि तिने त्याला गव्हाणीत ठेवलं, कारण धर्मशाळेत जागा नव्हती’ हे सांगितल्यावर जो साधा कोराल येतो, त्याचं वजन ती ओळ कळल्याशिवाय जाणवत नाही.

कोरालांमध्ये पहिलाच चकवा देतो. ‘वी झोल इश दिश एम्पफांगन’, तुझं स्वागत कसं करू. चाल ओळखीची वाटते, कारण ती क्रूसावरच्या मरणाच्या प्रसिद्ध स्तोत्राची. आणि त्या स्तोत्राआधी, १६०१ मध्ये, ती हान्स लेओ हास्लरचं प्रेमगीत होती : एका मुलीमुळे मन गोंधळलंय, एवढाच विषय. प्रेम, मरण, जन्म, तिन्ही एकाच चालीवर. सहाव्या भागाच्या शेवटी ती चौथ्यांदा रूप बदलते, ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह विजयगीत म्हणून.

आता गुरुवारी पाठ केलेली चाल. पहिला भाग संपतो तिच्यावरच; प्रत्येक ओळीनंतर ट्रम्पेट मध्ये घुसतात. दुसऱ्या भागाच्या मध्यावर ती पुन्हा येते, या वेळी खालच्या पट्टीत, दबलेली, कारण शब्द अंधाऱ्या गोठ्याबद्दल आहेत. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी तिसऱ्यांदा, ओळींच्या मधे त्या भागाच्या सुरुवातीच्या सिम्फोनियाचे, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या रचनेचे, तुकडे. ती सिम्फोनिया बारा-आठच्या डुलत्या ठेक्यावर आहे, तीन-तीनचे चार झोके. एका बाजूला बासऱ्या आणि व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला चार ओबो : दोन द’आमोरे, दोन जरा खर्जातले दा काच्चा. पहिला गट देवदूतांचा आणि दुसरा मेंढपाळांचा, असा अर्थ लावला जातो. आधी आळीपाळीने बोलतात, हळूहळू एकमेकांचे वाक्प्रचार उचलू लागतात आणि शेवटी एकत्र येतात. देवदूत नसतात असं पक्कं मत असणाऱ्यालाही हा संवाद ऐकू येतो.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. दुसऱ्या भागात ट्रम्पेट अजिबात नाहीत. वाजवणारे अर्धा तास थंडीत बसून राहतात आणि तिसऱ्याच्या पहिल्याच मात्रेला त्यांना पूर्ण ताकदीने उठायचं असतं. पितळी नळी गार झाली की स्वर उतरतो. म्हणून ते हातात धरून नळीत अधूनमधून नुसती ऊब फुंकत असतात. तिथे एखादा स्वर फाटला तर नाक मुरडू नये. जुन्या पद्धतीच्या, झडपा नसलेल्या ट्रम्पेटवर तर सगळे स्वर ओठांनीच शोधायचे असतात. दुसरी अडचण वेगाची. दिग्दर्शक घाईत असला की चर्चच्या घुमाऱ्यात कोरसचे जलद तुकडे एकमेकांवर सांडतात. अशा वेळी बास, म्हणजे सर्वांत खालची पट्टी कानाने घट्ट धरून ठेवावी, बाकीचं तिच्यावर उभं राहतं.

ही सभा आहे, त्यामुळे इथे शेवटी टाळ्या असू शकतात. आपण सुरू करू नयेत. लोकांनी केल्यावर सामील व्हावं.

सोमवार : मेंडेल्सझोनच्या घरी, मग गाडी

गोल्डश्मिट रस्त्यावर मेंडेल्सझोनचं शेवटचं घर. १८४७ च्या नोव्हेंबरात तो तिथेच वारला. तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे उभ्या ध्वनिक्षेपकांचा वाद्यवृंद मांडलाय. समोरच्या चौथऱ्यावरून एकेक पट्टी बंद-चालू करता येते. कोरसची रचना निवडावी आणि आल्टो सोडून सगळं बंद करावं. मधली पट्टी एकटी किती विचित्र आणि किती सुंदर असते, ते इथे कळतं. अर्ध्या तासात कान जे शिकतो ते पुस्तकाने महिनाभर होत नाही.

दुपारनंतर ड्रेस्डेन. वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास, प्रादेशिक गाडीने पावणेदोन तास आणि स्वस्तात. संध्याकाळी काही ऐकू नये. कानालाही विश्रांती लागते.

मंगळवार : ड्रेस्डेन

बाखच्या आधीच्या शतकातला संगीतकार हाइनरिश श्युट्झ इथल्या दरबारात होता. त्याने १६६० मध्ये लिहिलेली नाताळकथा ओराटोरिओच्या चौथ्या हिश्श्याइतकी, जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांची. आणि नवख्याने बाखआधी ती ऐकली तरी चालेल, इतकी ती स्वच्छ आहे. प्रत्येक पात्राला स्वतःची वाद्यं : मेंढपाळांना रेकॉर्डर नावाच्या उभ्या बासऱ्या, पुरोहितांना ट्रॉम्बोन, हेरोद राजाला कर्णे. छापताना, १६६४ मध्ये, श्युट्झने फक्त कथेकऱ्याचा भाग छापला. बाकीचा भाग राजेरजवाड्यांच्या चांगल्या ताफ्यांशिवाय नीट होणार नाही, असं त्याचं म्हणणं. श्युट्झला जुन्या फ्राउएन चर्चमध्ये पुरलं होतं. नव्या चर्चसाठी जुनं पाडलं गेलं त्यात कबर हरवली. ते नवं चर्चही १९४५ मध्ये कोसळलं आणि आत्ता दिसतं ते २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. इथे कामाच्या दिवशी दुपारी बाराला ऑर्गनसह छोटी उपासना असते, खर्च शून्य. घुमटाखाली घुमारा लांब असल्याने इथे जलद संगीत गढूळ होतं, संथ खुलतं.

तिथून पाच मिनिटांवर दरबारी कॅथलिक चर्च. गोटफ्रीड झिल्बरमान या ऑर्गन बांधणाऱ्याचा शेवटचा ऑर्गन इथे आहे, १७५५ मध्ये पूर्ण झालेला. महायुद्धात त्याच्या नळ्या सोडवून शहराबाहेर हलवल्या होत्या, म्हणून १३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बफेकीतून त्या वाचल्या.

क्रॉइझ चर्चचा मुलांचा कोरस, क्रॉइझकोर, ऐकायचा तर शनिवारी संध्याकाळी पाचची व्हेस्पर, म्हणजे सायंकाळची उपासना. लाइपझिगची तीनची मोटेट संपवून ती गाठता येत नाही, त्यामुळे दोन्ही हवं असेल तर प्रवासात दुसरा शनिवार घालावा लागतो. एकच निवडायचा तर लाइपझिग. नाताळपर्यंत थांबणाऱ्यांसाठी मात्र क्रॉइझ चर्चची २५ डिसेंबरची पहाटे सहाची उपासना आहे, मुलं नाताळची कथा अभिनयासह गातात. त्यासाठी २४ ला दुपारी दोनच्या आत खायचं सामान भरून ठेवावं. त्यानंतर दुकानं बंद होतात ती २७ लाच उघडतात, आणि पहाटे ट्राम किती वाजता आहे हे २३ ला थांब्यावर बघून यावं; सणाचं वेळापत्रक वेगळं असतं.